अळ्या पाळणारी मुलगी

पाठाविषयी :
फुलपाखराला उर्दूत तितली म्हणतात. फुलपाखरू सर्वांना आवडते. त्याची अळी मात्र कोणालाच आवडत नाही. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एका मुलीने या नावडत्या अळ्या घरात पाळल्या, त्यांची चित्रे काढली आणि अळीचे फुलपाखरू कसे होते ते जगाला दाखवले. मारिया सिबिला मेरियन हे तिचे नाव. निरीक्षण, चिकाटी आणि धैर्य यांच्या बळावर माणूस किती मोठे काम करू शकतो, हे या पाठातून समजते.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडाची कोवळी पाने कधी उलटून पाहा. एखाद्या पानावर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळे अंडे दिसेल. काही दिवसांनी त्यातून बारीक अळी बाहेर येते. ती पाने खाते, कात टाकते आणि मोठी होते. मग ती खाणे थांबवते व स्वतःभोवती कोष तयार करते. काही दिवसांनी कोष फुटतो आणि त्यातून फुलपाखरू बाहेर पडते. अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू या चार अवस्था आज प्राथमिक शाळेतील मुलालाही पाठ असतात. वहीत चार चित्रे काढून आपण बाण दाखवतो आणि मोकळे होतो.

पण ही गोष्ट माणसाला नेहमीच ठाऊक होती असे नाही. सतराव्या शतकात युरोपातील पुष्कळ लोकांना वाटे, की कीटक चिखलातून, कुजलेल्या मांसातून किंवा घाणीतून आपोआप जन्माला येतात. थोर ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटल, ज्यांना आपण उर्दूत अरस्तू म्हणतो, त्यांनीही काही कीटक पानांवरच्या दवापासून उत्पन्न होतात असे लिहून ठेवले होते. इतक्या मोठ्या माणसाचे म्हणणे कोण तपासून पाहणार? रेशीम तयार करणाऱ्या लोकांना रेशमाच्या किड्याची माहिती होती. परंतु बागेत, रस्त्याच्या कडेला, भाजीच्या पानांवर दिसणाऱ्या हजारो अळ्यांकडे लक्ष देण्याची कोणाला गरज वाटत नव्हती. अळी दिसली की तिला चिरडावे, एवढेच लोकांना माहीत होते.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट या शहरात झाला. तिचे वडील मात्थेउस मेरियन हे नावाजलेले प्रकाशक होते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे ठसे छापण्याच्या कामात त्यांचा हातखंडा होता. शहरांची चित्रे आणि नकाशे असलेले त्यांचे ग्रंथ युरोपभर वाचले जात. पण मारियाला वडिलांचा सहवास फार काळ लाभला नाही. ती तीन वर्षांची असतानाच ते वारले. पुढे तिच्या आईने याकोब मारेल नावाच्या चित्रकाराशी दुसरा विवाह केला. मारेल फुलांची चित्रे काढण्यात कुशल होते. घरात रंग, कुंचले, कागद आणि फुलांच्या परड्या यांचा पसारा असे. शिष्य चित्रकला शिकायला येत. मारियाही त्यांच्यात बसू लागली. सावत्र वडिलांनी तिची आवड ओळखली. मुलगी म्हणून तिला दूर सारले नाही. रंग कसे मिसळावेत, पाकळीवरची छाया कशी दाखवावी, तांब्याच्या पत्र्यावर रेषा कशी कोरावी, हे सारे त्यांनी तिला शिकवले.

त्या काळच्या फुलांच्या चित्रांत एखादे फुलपाखरू किंवा भुंगा काढण्याची पद्धत होती. चित्र शोभून दिसावे एवढाच त्यामागे हेतू असे. मारियाला मात्र शोभेपेक्षा प्रश्न जास्त आवडत. हे फुलपाखरू आले कोठून? ते या फुलावरच का बसते? याची उत्तरे देणारे पुस्तक तिच्याजवळ नव्हते. मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. मग तिने उत्तरे स्वतःच शोधायची ठरवले.

१६६० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने रेशमाचे किडे पाळले. तुतीची, म्हणजे शहतूतची, पाने ती त्यांना खाऊ घाली. किडे कसे खातात, किती वेळा कात टाकतात, तोंडातून धागा काढून स्वतःभोवती कोष कसा विणतात, हे ती रोज पाहू लागली. एके दिवशी कोषातून पांढुरके पतंग बाहेर पडले. त्यांनी अंडी घातली आणि अंड्यांतून पुन्हा बारीक किडे निघाले. एक चक्र पुरे झाले होते. चिखलातून काही आले नव्हते, दवातूनही काही आले नव्हते. अंड्यातून किडा आणि किड्यातून पतंग, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

रेशमाच्या किड्यांवर ती थांबली नाही. इतर अळ्यांपासून तर रेशमाच्या पतंगापेक्षा कितीतरी सुंदर फुलपाखरे होतात, हे तिच्या लक्षात आले. तेव्हापासून दिसेल ती अळी ती घरी आणू लागली. पण अळी पाळणे वाटते तितके सोपे नसते. कोबीवरच्या अळीला गुलाबाचे पान दिले तर ती ते खात नाही, उपाशी मरते. म्हणून अळी ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची ताजी पाने रोज आणावी लागत. अळ्या डब्यात ठेवायच्या, डबा रोज साफ करायचा, हवा खेळती ठेवायची आणि वाट पाहायची. काही कोष पंधरवड्यात उघडत, तर काहींसाठी सारा हिवाळा थांबावे लागे. कितीतरी अळ्या मधेच मरत. मग पुढच्या वर्षी तीच अळी पुन्हा शोधावी लागे. या कामाला वेळ पुरत नसे, म्हणून मारियाने लोकांत मिसळणे, गप्पागोष्टी करणे कमी केले. अवस्था बदलली की ती चर्मपत्राच्या लहानशा तुकड्यावर तिचे रंगीत चित्र काढी आणि शेजारी माहिती लिही. अळी कोणत्या झाडावर मिळाली, केव्हा कोष केला, केव्हा फुलपाखरू बाहेर आले, हे सारे त्यात असे. ही सवय तिने आयुष्यभर सोडली नाही.

१६६५ साली मारियाचा विवाह योहान आंद्रेआस ग्राफ या चित्रकाराशी झाला. काही वर्षांनी हे कुटुंब न्यूरेंबर्ग शहरात राहायला गेले. मारियाबाईंना दोन मुली झाल्या. थोरलीचे नाव योहाना हेलेना आणि धाकटीचे डोरोथिया मारिया. घरसंसार सांभाळून मारियाबाई शहरातील मुलींना चित्रकला व भरतकाम शिकवू लागल्या. त्या रंगही तयार करून विकत. त्या काळी तेथे मोठी तैलचित्रे रंगवण्याचा मान पुरुष चित्रकारांकडेच राखून ठेवलेला होता. मारियाबाईंनी त्याबद्दल रडत न बसता जलरंगांत आपला हात इतका तयार केला, की फुलपाखराच्या पंखावरची बारीक लवही त्यांच्या कुंचल्यातून सुटत नसे. भरतकाम करणाऱ्या मुलींना नमुने मिळावेत म्हणून त्यांनी १६७५ ते १६८० या काळात फुलांच्या चित्रांचे पुस्तक तीन भागांत काढले.

त्यांचे खरे काम मात्र १६७९ साली लोकांपुढे आले. अळ्यांचे अद्भुत रूपांतर आणि त्यांचे फुलांवरचे खाद्य हा त्या पुस्तकाचा विषय होता. त्यात पन्नास चित्रे होती. १६८३ साली आणखी पन्नास चित्रांचा दुसरा भाग निघाला. त्यांच्या आधीही काही विद्वानांनी कीटकांचा अभ्यास केला होता. इटलीतील फ्रान्चेस्को रेडी यांनी १६६८ साली मांसावरच्या अळ्या माशांच्या अंड्यांतूनच होतात हे प्रयोगाने दाखवले होते. हॉलंडमधील यान स्वामरडॅम यांनी कीटकांची शरीरे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती. मग मारियाबाईंच्या पुस्तकात नवे काय होते?

नवे होते ते एकेक पान. त्या पानावर मधोमध एक झाड असे. पानावर अंडी, देठावर अळी, फांदीला लटकलेला कोष आणि फुलाभोवती उडणारे फुलपाखरू, असे सारे एकाच ठिकाणी दिसे. ही अळी हेच झाड खाते आणि तिचे पुढे हेच फुलपाखरू होते, हे न वाचताही कळे. इतर विद्वान कीटकाला झाडापासून वेगळा काढून पाहत. मारियाबाईंनी त्याला त्याच्या घरासकट दाखवले. जीव आणि त्याचा परिसर यांचे नाते आज आपण पर्यावरणाच्या पुस्तकात शिकतो. ते नाते त्यांनी त्या काळी कागदावर आणले.

या पुस्तकाची भाषाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी विद्वान लोक लॅटिन भाषेत लिहीत. सामान्य माणसाला ती समजत नसे. मारियाबाईंनी आपले पुस्तक साध्या जर्मन भाषेत लिहिले. त्यामुळे बागवान, कारागीर आणि घरातल्या स्त्रियाही ते वाचू शकल्या.

त्यांच्या प्रामाणिकपणाचे एक उदाहरण पाहू. कधी कधी अळीने कोष केल्यावर त्यातून फुलपाखराऐवजी माश्यांसारखे बारीक कीटक बाहेर पडत. असे का होते, हे त्यांना उलगडत नव्हते. आज आपल्याला माहीत आहे, की काही माश्या व गांधीलमाश्यांच्या जातीचे कीटक अळीच्या अंगात किंवा अंगावर अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले अळीला आतून खातात. मारियाबाईंना कारण ठाऊक नव्हते, तरी त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. जे दिसले ते त्यांनी तसेच लिहिले आणि तसेच रंगवले.

पुढची काही वर्षे कठीण गेली. पती-पत्नींचे पटेनासे झाले. १६८५ च्या सुमारास मारियाबाई आपली वृद्ध आई आणि दोन मुली यांना घेऊन हॉलंडच्या उत्तरेकडील एका धार्मिक पंथाच्या वसाहतीत राहायला गेल्या. तेथे सर्वांना अतिशय साधेपणाने राहावे लागे. त्या काळात त्यांनी आपली सारी जुनी चित्रे व टिपणे नीट लावून एका वहीत एकत्र केली. १६९० साली आई वारली. पुढच्या वर्षी त्या मुलींसह ॲम्स्टरडॅमला आल्या. विवाहही संपुष्टात आला होता. आता चित्रे काढणे, रंग विकणे आणि शिकवणे एवढाच त्यांच्या उदरनिर्वाहाचा आधार होता.

ॲम्स्टरडॅम हे तेव्हा जगातील मोठे व्यापारी बंदर होते. दूरदेशांहून येणारी जहाजे मसाले, साखर, कापड यांच्याबरोबर चित्रविचित्र प्राणी आणि कीटकही आणत. श्रीमंत लोक ते काचेच्या कपाटांत मांडून ठेवत. मारियाबाईंनी असे अनेक संग्रह पाहिले. तळहाताएवढी निळी फुलपाखरे पाहून त्यांना आनंद झाला, पण समाधान झाले नाही. टाचणीने टोचलेले ते मेलेले फुलपाखरू काहीच सांगत नव्हते. त्याची अळी कशी होती? ती काय खात होती? कोष कोणत्या रंगाचा होता? कपाटाच्या मालकालाही ते माहीत नव्हते. उत्तर हवे असेल तर जेथे ते फुलपाखरू जगते तेथेच जायला हवे होते.

ती जागा म्हणजे सुरीनाम. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा प्रदेश तेव्हा डच लोकांच्या ताब्यात होता. तेथे दाट जंगल, कडक ऊन, अखंड पाऊस आणि तापाची साथ असे. व्यापारासाठी किंवा सैन्यात नोकरीसाठी पुरुष तेथे जात. केवळ अळ्या पाहण्यासाठी, स्वतःच्या पैशाने, एक बावन्न वर्षांची स्त्री तेथे निघाली हे ऐकून लोकांना नवल वाटले. मारियाबाईंना कोणी राजा किंवा संस्था पैसे देणारी नव्हती. त्यांनी आपली अडीचशेहून अधिक चित्रे विकून प्रवासखर्च उभा केला. परत येऊ की नाही याची खात्री नव्हती, म्हणून मृत्युपत्रही करून ठेवले. १६९९ साली त्या जहाजात चढल्या. बरोबर होती एकवीस वर्षांची धाकटी मुलगी डोरोथिया.

सुरीनाममध्ये पारामारिबो या गावी मायलेकींनी मुक्काम केला. घराजवळच्या बागेत आणि जंगलात जाऊन त्या अळ्या गोळा करू लागल्या. उन्हाने अंग भाजून निघे. काटेरी झुडपांतून वाट नसे, ती कोयत्याने तोडून काढावी लागे. नदीतून होडीने त्या दूरच्या मळ्यांपर्यंत गेल्या. अननस, पेरू, केळी, डाळिंब अशा झाडांवरचे कीटक त्यांनी पाहिले व रंगवले. डाळिंबाच्या फांदीबरोबर त्यांनी एक मोठे निळे फुलपाखरू रंगवले आहे. त्याचा पंख त्यांनी भिंगातून पाहिला, तेव्हा त्यावरचे खवले त्यांना छपरावर ओळीने मांडलेल्या कौलांसारखे दिसले. फुलपाखराचा पंख हाताला लावला की बोटाला जी भुकटी लागते, ती हीच.

तेथील डच मळेवाले ऊस आणि साखर यांशिवाय दुसऱ्या कशाचाच विचार करत नसत. साखरेऐवजी अळ्या शोधणाऱ्या या बाईंची त्यांनी थट्टा केली. मारियाबाईंना याचे वाईट वाटले ते वेगळ्या कारणाने. इतक्या सुपीक जमिनीत दुसरी कितीतरी झाडे लावता येतील, हे या लोकांना दिसू नये, याचे त्यांना आश्चर्य वाटे.

त्यांना मदत झाली ती मळेवाल्यांची नव्हे, तर तेथील मूळ रहिवाशांची आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांची. कोणत्या झाडावर कोणती अळी असते, कोणते पान औषधी आहे, कोणते विषारी आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मारियाबाईंना कीटक आणून दिले, वाट दाखवली, झाडांचे उपयोग सांगितले. आपल्याकडे अंगणात लाल-पिवळ्या फुलांचे शंकासुराचे झाड लावतात. ते झाड मारियाबाईंनी सुरीनाममध्ये रंगवले. त्या चित्राबरोबर त्यांनी जे लिहिले ते वाचताना मन सुन्न होते. गुलाम स्त्रियांनी आपल्यावरचे जुलूम त्यांना सांगितले होते. आपले मूल गुलामगिरीत जन्माला येण्यापेक्षा ते जन्मालाच न आलेले बरे, इतके त्या स्त्रियांचे दुःख मोठे होते. मारियाबाईंनी हे पुस्तकात छापले. त्या स्वतःही गुलामांकडून काम करून घेणाऱ्या त्या समाजातच राहत होत्या, हे विसरून चालणार नाही. पण ज्यांच्या शब्दाला तेथे कोणी किंमत देत नव्हते, त्यांचे दुःख त्यांच्यामुळे पुस्तकात नोंदले गेले. फक्त एका गोष्टीची खंत वाटते. ज्यांनी इतकी मदत केली त्यांची नावे त्या पुस्तकात नाहीत.

मारियाबाईंना तेथे आणखी राहायचे होते. पण तापाने त्यांना गाठले. तो हिवताप असावा असे समजतात. प्रकृती इतकी ढासळली, की जून १७०१ मध्ये त्यांना सुरीनाम सोडावे लागले. सप्टेंबरमध्ये त्या ॲम्स्टरडॅमला पोहोचल्या. बरोबर चित्रे, टिपणे, वाळवलेली फुलपाखरे आणि बरण्यांत ठेवलेले प्राणी होते. तेथील एक स्त्रीही त्यांच्याबरोबर आली होती. झाडांची आणि कीटकांची माहिती लिहिताना तिची त्यांना मदत झाली.

पुढची काही वर्षे त्यांनी पुस्तकासाठी वेचली. हा खर्च मोठा होता. त्यांनी सोबत आणलेले कीटक विकले, लोकांकडून पुस्तकाची आगाऊ वर्गणी घेतली, चांगले कोरीवकाम करणारे कारागीर लावले. १७०५ साली सुरीनाममधील कीटकांचे रूपांतर हा भव्य ग्रंथ डच आणि लॅटिन या दोन भाषांत बाहेर पडला. त्यात साठ मोठी चित्रे होती. पहिल्याच चित्रात एक डौलदार अननस आहे आणि त्यावर चक्क झुरळे आहेत! सुंदर आणि कुरूप असा भेद मारियाबाईंच्या निरीक्षणात नव्हता.

१७१५ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरीही शक्य होते तोवर त्यांनी काम सोडले नाही. १३ जानेवारी १७१७ रोजी ॲम्स्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याच्यासाठी त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह खरेदी करण्यात आला. अळ्यांच्या पुस्तकाचा तिसरा भाग डोरोथियाने आईच्या मागे प्रसिद्ध केला. पुढे ती रशियात गेली आणि तेथील संग्रहालयासाठी चित्रे काढू लागली.

मारियाबाईंच्या कामाची कसोटी त्यांच्या मृत्यूनंतरही चालूच राहिली. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी प्राण्यांना व वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा त्यांनी मारियाबाईंच्या चित्रांचा आधार घेतला. पण एकोणिसाव्या शतकात काही अभ्यासकांनी त्यांना खोटे ठरवले. त्यांच्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर एक मोठा कोळी लहान पक्ष्याला खाताना दाखवला आहे. कोळी कधी पक्षी खातो का, असे म्हणून लोक हसले. १८६३ साली इंग्रज निसर्गसंशोधक हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील आपल्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. पक्ष्याला मारणारा कोळी त्यांनी स्वतः पाहिला होता. हसणाऱ्यांना उत्तर मिळाले. मारियाबाईंच्या काही गोष्टी चुकल्याही होत्या. एका कीटकाचे डोके रात्री दिव्यासारखे उजळते, असे त्यांनी लिहिले होते. ते पुढे खरे ठरले नाही. विज्ञान असेच पुढे जाते. एकाने पाहिलेले दुसरा तपासतो. खरे असेल ते टिकते आणि चूक असेल ते गळून पडते. १९९२ साली जर्मनीने आपल्या पाचशे मार्कांच्या नोटेवर मारियाबाईंचे चित्र छापले. युरो हे चलन आल्यावर २००२ साली ती नोट व्यवहारातून गेली. मारियाबाईंची चित्रे मात्र आजही लोक पाहतात.

मारियाबाईंजवळ कॅमेरा नव्हता. त्यांना क्षण पकडण्यासाठी फक्त डोळे आणि कुंचला होता. आज शाळेत एखादा साधा कॅमेरा किंवा मोबाइल असला, तरी विद्यार्थी फुलपाखराच्या जीवनाची चित्रफीत स्वतः तयार करू शकतात. कढीपत्त्याची अळी असलेली फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवावी. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून तिचे चित्र घ्यावे. ही चित्रे एकापाठोपाठ एक जोडली की तीन-चार आठवड्यांची गोष्ट एका मिनिटात डोळ्यांपुढून सरकते. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळपट अळी पुढे हिरवीगार कशी होते, कोष गडद होऊन त्यातून पंखांचे रंग कसे दिसू लागतात आणि फुलपाखरू ओले पंख हळूहळू कसे पसरते, हे साऱ्या वर्गाला पाहता येते.

मात्र यंत्र नवे असले तरी नियम मारियाबाईंचेच आहेत. अळीला तिच्याच झाडाचे पान द्यावे लागते. तारीख लिहावी लागते. घाई करून कोष फोडता येत नाही. एखाद्या दिवशी चित्र घ्यायचे राहिले, तर कालचेच चित्र आजचे म्हणून लावता येत नाही. कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माशी बाहेर पडली, तर तीही दाखवावी लागते. कॅमेरा चित्र घेतो, पण वाट पाहणे आणि खरे सांगणे ही कामे माणसालाच करावी लागतात. तेरा वर्षांच्या मारियाने तुतीच्या पानांजवळ बसून हीच दोन कामे शिकून घेतली होती.

शब्दार्थ
अवस्था – स्थिती, हालत
कात टाकणे – जुनी त्वचा टाकून देणे
कोष – अळीभोवतीचे आवरण, कोया
हातखंडा असणे – एखाद्या कामात तरबेज असणे
निरीक्षण – बारकाईने पाहणे, मुशाहिदा
रूपांतर – एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणे, तब्दीली
चिकाटी – काम नेटाने पुरे करण्याची वृत्ती, इस्तिकलाल
उदरनिर्वाह – पोट भरण्याचे साधन, गुजर-बसर
मृत्युपत्र – मृत्यूनंतरच्या व्यवस्थेचा कागद, वसीयतनामा
खंत – मनाला लागलेली बोच, मलाल
पक्षाघात – लकवा, फालिज

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मारियाचा जन्म कोठे झाला?
(आ) मारियाला चित्रकला कोणी शिकवली?
(इ) रेशमाचे किडे कोणती पाने खातात?
(ई) मारियाबाईंनी अळ्यांचे पुस्तक कोणत्या भाषेत लिहिले?
(उ) सुरीनामला जाताना त्यांच्याबरोबर कोण होते?

प्रश्न २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कीटकांच्या जन्माविषयी सतराव्या शतकातील लोकांची कोणती समजूत होती?
(आ) अळी पाळताना मारियाला कोणती काळजी घ्यावी लागे?
(इ) काचेच्या कपाटातील फुलपाखरे पाहून मारियाबाईंचे समाधान का झाले नाही?
(ई) पक्षी खाणाऱ्या कोळ्याच्या चित्राची हकिकत थोडक्यात लिहा.

प्रश्न ३. कारणे द्या.
(अ) मारियाबाईंनी प्रवासाला निघण्यापूर्वी मृत्युपत्र केले.
(आ) सुरीनाममधील मळेवाल्यांनी मारियाबाईंची थट्टा केली.
(इ) मारियाबाईंना सुरीनाम लवकर सोडावे लागले.

प्रश्न ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
सुंदर, सोपे, खरे, श्रीमंत, ओले

प्रश्न ५. खालील वाक्यांतील क्रियापदांचा काळ ओळखा.
(अ) अळी पाने खाते.
(आ) मारियाने चित्र काढले.
(इ) फुलपाखरू उद्या बाहेर येईल.

उपक्रम
चार-चार विद्यार्थ्यांचे गट करा. लिंबू किंवा कढीपत्त्याच्या झाडावरील एका अळीची फुलपाखरू होईपर्यंत रोज नोंद ठेवा. शक्य असेल तर शिक्षकांच्या मदतीने चित्रफीत तयार करा, नाहीतर रोज एक चित्र काढा. प्रत्येक चित्राखाली तारीख आणि दोन मराठी वाक्ये लिहा. फुलपाखरू बाहेर आले की त्याला मोकळे सोडा.